सासूबाईंनी बांधून दिलेलं पोर

माझ्या सासूबाईंचं नाव एनेलेसी. हे नाव मी तोंडाने घेत नाही, आमच्यात जावयाने ते घ्यायचं नसतं. लिहिलेलं चालतं का, हे मी कुणाला विचारायला गेलो नाही, कारण विचारलं की मामा ग्रेसियन 'नाही' म्हणणार हे ठरलेलं. मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ. आमच्या देड्झाच्या डोंगरात घर बाईचं, पोरं बाईच्या कुळाची आणि शेवटचा शब्द बाईच्या भावाचा. नवरा लग्न करून बायकोच्या गावी येतो, तिथे घर बांधतो, सासूच्या शेतात कुदळ चालवतो. मी असाच घरजावई. यात मला कधी कमीपणा वाटला नाही. माझा बापही घरजावईच होता, आणि मामा ग्रेसियनही त्यांच्या बायकोच्या गावी घरजावईच आहेत. तिथे ते कशी मान खाली घालून बसतात, ते मला एकदा जाऊन पाहायचंय.

सासूने आणि जावयाने एकमेकांपासून लांब राहायचं, ही आमची रीत. पायवाटेवर समोरासमोर आलो तर मी बाजूला गवतात उतरायचो आणि सासूबाई खांद्यावरचं चितेंजे डोक्यावरून पुढे ओढून तोंड फिरवायच्या. चितेंजे म्हणजे आमच्या बायकांचं ते रंगीत कापड. ते कमरेला गुंडाळतात, त्यानेच पोर पाठीला बांधतात, त्यातच मका बांधून आणतात. सासूजावयाचं एकत्र जेवण नाही, हातात हात नाही, नजरेला नजर नाही. त्या मला 'अपोंगोझी' म्हणायच्या आणि मीही त्यांना 'अपोंगोझी'च म्हणायचो. सासूला आणि जावयाला आमच्याकडे एकच शब्द पुरतो. यात राग नसतो, मान असतो. मान इतका, की लग्नाला कित्येक वर्षं झाली तरी मला त्यांची पाठच जास्त ओळखीची होती. रुंद, ताठ पाठ. चेहरा कसा आहे, हे कुणी शपथेवर विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

पण बोलायचं तर त्यांना पुष्कळ असायचं. मग त्या कोंबडीशी बोलायच्या.

"काय गं ए कोंबडे," अंगणात शेंगा सोलता सोलता त्या मोठ्याने सुरू करायच्या, "बटाट्याच्या वाफ्यात तण माजलंय, ते या घरात कुणालाच दिसत नाही का? डोळे काय देवाने मला एकटीलाच दिलेत?"

मी भिंतीपलीकडून सांगायचो, "कोंबडीताई, त्यांना म्हणावं, उद्या सकाळी पहिलं काम तेच."

"आणि त्यांना विचार बाई, मागच्या खेपेचा 'उद्या' अजून उजाडायचाय का?"

माझी बायको ओलिपा दारात बसून हसून हसून लोळायची. कोंबडी बिचारी दाणे टिपत राहायची.

माझा धंदा बटाट्यांचा. डोंगरातल्या शेतांवरून बटाटे घ्यायचे, सायकलवर पोती लादून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायची आणि राजधानीकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांना विकायची. बाजाराच्या दिवसांत रस्त्यावरच मुक्काम पडायचा. त्या मुक्कामावरून मामा ग्रेसियन माझ्याकडे नेहमी भुवई उंचावून पाहायचे. "बाजारात झोपणारा माणूस," ते म्हणायचे, आणि पुढचं वाक्य मुद्दाम गिळून टाकायचे. गिळलेलं वाक्य बोललेल्यापेक्षा जास्त लागतं, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

आमचं आधीचं एक पोर हाती लागलं नव्हतं. जन्मलं आणि गेलं. तेव्हा घरच्या बायकांनी ओलिपाला बरेच दिवस 'पोर दुसऱ्या खोलीत आहे, बरं आहे' असंच सांगितलं होतं. मायेपोटीच सांगितलं, पण तेव्हापासून 'बरं आहे' हे दोन शब्द ऐकले की ओलिपाचा चेहरा दगडासारखा व्हायचा. म्हणून दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आम्ही कुणी फार बोलत नव्हतो. सासूबाईंनी कोंबडीलासुद्धा सांगितलं नाही.

जून म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, थंडी हाडात शिरते. सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं असतं. अशाच एका सकाळी ओलिपाचे हातपाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती चुलीपाशी कोसळली, तिला आकडी यायला लागली. शेजाऱ्याच्या बैलगाडीत तिला घातलं, रस्त्यावर एक बटाट्याचा ट्रक थांबवला आणि खालच्या मिशनच्या इस्पितळात नेलं. रक्तदाब इतका चढला होता की डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तिला तशीच आत घेतली. पोट कापून पोर काढलं. मुलगी. दोन महिने आधीच आलेली.

मी आयुष्यभर वजनं पेलत आलोय. हातात धरून वजन सांगायची मला सवय आहे, आणि ती मुलगी काचेतून पाहूनच मी म्हटलं, चार मोठे बटाटे. त्याहून एक कणही जास्त नाही. कातडी पातळ, लालसर, कान चपटे, छातीच्या फासळ्या प्रत्येक श्वासाबरोबर आत ओढल्या जायच्या. नाकात बारीक नळ्या घातल्या होत्या आणि त्यांचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडबुडे काढत होतं. बुडबुडे चालू असले की श्वास चालू. मी काचेला नाक लावून त्या बुडबुड्यांकडे पाहत उभा राहायचो. वीज गेली की इस्पितळाचं जनित्र घरघरायला लागायचं आणि माझ्या छातीत त्याहून मोठी घरघर व्हायची.

अतिदक्षतेच्या त्या खोलीवर सिस्टर चिसाले यांचं राज्य होतं. आवाज असा की व्हरांड्यातला कुत्राही शेपूट घालून निघून जायचा. पण पोरांना उचलताना त्याच बाईचे हात असे चालायचे की झोपलेलं पोर जागं होऊ नये. पोरीच्या फुप्फुसांनी जोर धरला आणि नळ्या निघाल्या, तेव्हा सिस्टरनी आम्हाला सगळ्यांना बोलावून सांगितलं.

"आता हिला एक छाती पाहिजे. उघडी छाती. कातडीला कातडी लावून बांधायचं, रात्रंदिवस. आमची हीटरची खोली विजेवर चालते आणि वीज तिच्या मर्जीवर चालते. माणसाची छाती कधी बंद पडत नाही. आई अजून उठू शकत नाही. कोण बसणार?"

इथे आमची रीत मध्ये आली. नवं पोर फार हलक्या जिवाचं असतं असं आम्ही मानतो. ज्या बाईपुरुषांचं अंथरूण एक आहे, त्यांनी ते उचलायचं नाही. उचललं तर पोर सुकतं आणि जातं. पुढे काही महिन्यांनी पोराला घरात घ्यायचा विधी होतो, मग सगळे मोकळे. तोवर पोर सोवळ्यातल्या बाईच्या हाती, म्हणजे म्हाताऱ्या किंवा विधवा बाईच्या. आणि बाप? बायको इस्पितळात पडलेली असताना बाप कुठे झोपतो, याची खात्री कोण देणार? त्यामुळे बापाने तर जवळही फिरकायचं नाही.

सिस्टर चिसाले आमच्याच डोंगरातल्या. त्यांना हे सगळं माहीत होतं, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या थेट सासूबाईंकडे वळल्या. सासूबाई विधवा. त्यांनी माझ्याकडे पाठ केली, पोलक्याच्या गुंड्या सोडल्या आणि पोरगी छातीशी घेऊन चितेंज्याने बांधली. मग त्या एका लाकडी खुर्चीवर बसल्या, आणि मला वाटतं त्यानंतर कित्येक आठवडे उठल्याच नाहीत. ज्या बाईला आमच्या अंगणात कुणी स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं, ती बाई तशी बसली. झोपही बसल्या बसल्याच. भिंतीला पाठ टेकून, हनुवटी पोरीच्या टाळूवर.

ओलिपा दुसऱ्या वॉर्डात होती. जखम चिघळली होती, ताप हटत नव्हता. तिथल्या सिस्टर तिचं दूध काढून वाटीत द्यायच्या, ती वाटी मी दोन्ही हातांत धरून छोट्या पोरांच्या खोलीच्या दारापर्यंत न्यायचो आणि तिथून परिचारिका ते नळीने पोरीच्या पोटात सोडायची. वाटी घेऊन जाताना मी असा चालायचो की कुणाला वाटावं, हा डोक्यावर देव घेऊन निघालाय.

बाकी माझं काम स्वयंपाकाचं. आमच्याकडे इस्पितळात रुग्णाचा स्वयंपाक घरच्यांनीच करायचा. मागे चुलींची एक मोठी पडवी आहे, तिथे सगळ्या गावांच्या बायका जमलेल्या, आणि त्यात मी एकटा पुरुष, मक्याच्या पिठाचा न्सिमा घोटत. पहिल्या दिवशी तर माझ्या पातेल्याभोवती गर्दी झाली.

"अहो घरजावई, पळी सुकाणूसारखी काय धरलीय? होडी बुडतेय का?" एक म्हातारी म्हणाली.

"गुठळ्या बघा, गुठळ्या! बटाटे टाकलेत का आत?" दुसरी म्हणाली.

"सासूला हे खायला घालणार? आधीच बिचारी तिथे बसलीय, तिला उठवायचा विचार दिसतोय याचा."

मी म्हणालो, "मावशी, सासूबाईंनी खाल्लं नाही तर तुम्हालाच वाढतो." तेव्हापासून त्यांनी मला आपल्यात घेतलं. न्सिमा कसा घोटायचा, सुक्या मासळीचं कालवण कसं करायचं, सगळं मी त्या पडवीत शिकलो. ताट झाकून दाराशी ठेवायचं आणि बाजूला व्हायचं, कारण माझ्यासमोर सासूबाई जेवणार नाहीत. ताट रिकामं परत यायचं. आतून आवाज मात्र यायचा, पोरीला उद्देशून. इस्पितळात कोंबडी कुठली असणार!

"बाळे, तुझ्या बापाला सांग, मीठ नावाची एक वस्तू जगात असते."

मी दारातून म्हणायचो, "बाळे, आजीला सांग, उद्या घालतो."

"ऐकलंस? हा आला याचा 'उद्या'."

अशी ती पोरगी आमच्या दोघांमधली निरोपी झाली. आणि बाईसाहेब अंगाने भरत होत्या. चार बटाट्यांचे पाच झाले. मी दारातून पाहायचो, हात मागे बांधून, म्हणजे चुकूनही हात पुढे जायला नको. माझ्या पोरीला मी अजून एकदाही हात लावला नव्हता. एक दिवस सिस्टर जाता जाता म्हणाल्या, "हा बाप म्हणजे नुसता दाराला लावलेला सागवान आहे." मी हसलो. रागही आला, पण कुणावर काढणार?

मग ती सकाळ आली. मी ताट घेऊन दाराशी गेलो तर आतून खोकला ऐकू आला. सासूबाईंचा. सिस्टर चिसाले धावतच आत गेल्या, त्यांनी सासूबाईंच्या कपाळाला हात लावला आणि पोरगी सोडवून घेतली.

"एनेलेसीबाई, तुम्हाला ताप आहे. छाती भरलीय. बाहेर चला. हिला तुमचा खोकला लागला तर मला काही करता यायचं नाही."

सासूबाई बाहेर व्हरांड्यात येऊन खांबाला टेकून बसल्या, तोंडावर कापड धरून. आत वीज नव्हती. जनित्राचं तेल श्वासाच्या यंत्रांपुरतंच राखलेलं, हीटर बंद. बाहेर बारीक पाऊस आणि वारा. सिस्टरनी पोरीला टोपी घातली, लोकरीत गुंडाळलं, पण गुंडाळल्याने ऊब राहते, नवी येत नाही. बाकीच्या आयांच्या छातीशी त्यांची त्यांची पोरं बांधलेली. एकीच्या छातीशी तर जुळी होती. परिचारिका दोनच, आणि त्यांचे हात आधीच पुरत नव्हते.

"दुसरी कोण आहे तुमच्याकडची?" सिस्टरनी व्हरांड्यात येऊन विचारलं.

मामा ग्रेसियन आदल्याच दिवशी भाचीला भेटायला आले होते. ते कोट नीट करत उठले. "माझ्या थोरल्या बहिणीला निरोप धाडतो. विधवा आहे. उद्यापर्यंत पोचेल."

"उद्या?" सिस्टर म्हणाल्या. "बापू, मी तिच्या पावलांना हात लावून आलेय. पावलं गार पडलीत. पावलांनंतर पोट गार पडतं, आणि पोट गार पडलं की ती श्वास घ्यायला विसरते. मला उद्या नकोय. मला आत्ता पाहिजे." आणि पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "हा उभा आहे ना इथे. धडधाकट आहे. काढ शर्ट."

मी शर्टाच्या गुंडीला हात लावला आणि तिथेच थांबलो. सासूबाई चार हातांवर बसल्या होत्या, आणि सासूसमोर उघडी छाती म्हणजे आमच्यात किती लाजिरवाणी गोष्ट! त्यापेक्षाही मोठी भीती दुसरीच होती. हे सगळं खरं असेल तर? मी हात लावला आणि पोर गेलं तर? मी कुठेही गेलो नव्हतो, कुणाकडेही नाही. रात्री चुलींच्या पडवीतच पोत्यावर पडायचो. पण इतक्या लहान जिवापुढे स्वतःच्या खरेपणाचीही खात्री वाटेनाशी होते.

मामा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "बापाने हात लावायचा नाही. बाजारात झोपणारा माणूस आहे हा. याचं आम्हाला काय माहीत? उद्या पोर गेलं तर सिस्टर, तुम्ही दुसऱ्या खाटेकडे वळाल. आम्हाला गावात तोंड दाखवायचंय."

सिस्टर काही बोलणार, तेवढ्यात खांबापाशी बसलेल्या सासूबाई भिंतीला धरून उठल्या. तोंड अर्थात माझ्याकडे नव्हतं. व्हरांड्यात पाण्याची एक बादली होती, तिच्याकडे पाहून त्यांनी सवयीने सुरुवात केली.

"ए बादली, जरा विचार त्यांना..."

आणि थांबल्या. खोकल्याची मोठी उबळ आली. ती गेल्यावर त्यांनी डोक्यावरचं चितेंजे मागे सारलं, वळल्या आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी खाली पाहायला लागलो.

"लेव्हिसन," त्या म्हणाल्या. "वर बघ. माझ्याकडे बघ, बाळा."

इतक्या वर्षांत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मी वर पाहिलं. ओलिपाचेच डोळे, फक्त तापाने लाल झालेले. कपाळावर एक आडवी जुनी खूण. ही माझी सासू, मी मनात म्हटलं, ही अशी दिसते.

"मला एकच सांग. ओलिपा इथे पडल्यापासून तू कुठे गेलास का?"

सासूने जावयाला हा प्रश्न विचारावा, तोही सगळ्यांदेखत! आमच्या गावात घर पडलं असतं तरी इतका सन्नाटा झाला नसता.

"नाही, आई," मी म्हणालो. 'अपोंगोझी' म्हणायचं राहूनच गेलं.

"बस. शर्ट काढ."

"एनेलेसी!" मामा ओरडले. "काही शरम?"

"दादा, शरम माझी आहे, ती मी घरी नेऊन ठेवेन. कुठे जात नाही ती. पण पोर घरी न्यायचं तर ते जिवंत पाहिजे." बोलताना त्यांना धाप लागत होती. "आणि काही झालं, तर गावाला सांगा, एनेलेसीने केलं. जावयाचं नाव मध्ये आणायचं नाही."

सिस्टरनी पोरगी माझ्या छातीवर ठेवली. देवा! गारठलेला बेडूक कुणी छातीवर ठेवावा तशी ती गार होती, आणि हलत नव्हती. गाठ मारायची म्हटली तर सिस्टरचे दोन्ही हात पोरीला धरण्यात गुंतलेले. तेव्हा सासूबाईंनी तोंडाला फडकं घट्ट बांधलं, माझ्या पाठीमागे आल्या आणि स्वतःच्या अंगावरचं चितेंजे काढून माझ्याभोवती गुंडाळलं. एक वेढा, दुसरा वेढा, वर ओढून, खाली ओढून, पाय बेडकासारखे दुमडलेत ना, मान एका बाजूला आहे ना, सगळं मागूनच, हातांनी चाचपून. त्यांचे हात तापाने भाजत होते आणि माझ्या उघड्या पाठीवर थरथरत होते. गाठ मारून झाल्यावर त्यांनी ती दोनदा ओढून पाहिली. मग पुन्हा जाऊन खांबाला टेकल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

मी त्यांच्याच खुर्चीवर बसलो. खुर्ची अजून उबदार होती. मी श्वास घेतला की पोरगी वर यायची, सोडला की खाली जायची. बराच वेळ तेवढंच. सिस्टर मधूनमधून कापडात बोट घालून तिची पावलं पाहायच्या आणि काही न बोलता जायच्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसलेलो. मग कधीतरी माझ्या छातीवर काहीतरी खरवडल्यासारखं झालं. पोरीने मूठ उघडली होती आणि माझ्या छातीचे केस धरून ओढले होते, चांगले जोरात. मी 'आई गं!' करून ओरडलो. सगळा वॉर्ड हसला. सिस्टरनी पुन्हा पावलांना हात लावला, आणि त्या बाईला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"गरम आहेत," त्या म्हणाल्या. त्यांनी हे माझ्याकडे पाहून नाही, दाराबाहेर पाहून, मोठ्याने सांगितलं.

बाहेर खांबापाशी सासूबाई रडायला लागल्या. त्यांच्या रडण्याचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. मामा ग्रेसियन त्यांच्या शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी आपला कोट बहिणीच्या खांद्यावर टाकला. मामांबद्दल मी पुष्कळ वाईटसाईट बोलतो, म्हणून हेही सांगून टाकतो.

त्यानंतर त्या खुर्चीवर मीच बसलो. शेजारच्या आयांनी माझी यथेच्छ टर उडवली. "बाबा, दूध कधी उतरणार?" "बाबांना पेज द्या गं, ओले बाळंत आहेत!" ज्या पडवीत मी न्सिमा शिकलो, तिथल्या मावश्या आता आळीपाळीने मला न्सिमा आणून द्यायच्या. सासूबाईंना औषधं मिळाली, त्या हळूहळू सुधारल्या. आणि ओलिपाचा ताप उतरला तेव्हा मी पोरीला तशीच बांधलेली घेऊन तिच्या वॉर्डात गेलो. तिने चितेंज्याच्या कडेतून ती टोपी पाहिली, टोपीखालचं नाक पाहिलं.

"ही खरंच आहे?" ती म्हणाली.

"म्हणजे काय? तुझंच दूध पिऊन एवढी झाली."

"मला वाटलं होतं, हीपण गेली," ती म्हणाली. "तुम्ही सगळे म्हणत होता, बरं आहे, बरं आहे. मला वाटलं, दूध दुसऱ्या कुणाच्या पोरासाठी नेताय. म्हटलं, जाऊ दे, कुणाचं तरी वाचू दे."

मी गाठ सोडली आणि पोरगी तिच्या छातीवर ठेवली.

सूर्य तापायला लागला तेव्हा आम्ही घरी आलो. घरात घ्यायचा विधी यथासांग झाला. सगळा वेळ मामांनी तोंड आंबट ठेवलं होतं, पण नाव ठेवायची वेळ आली तेव्हा ते घसा खाकरून म्हणाले, "एनेलेसी." चूक झाली असं म्हणायची ही मामांची पद्धत. मला मात्र त्यांनी कायमचं अडकवलं. सासूचं नाव घ्यायचं नाही, मग लेकीला हाक कशी मारायची? मी तिला 'आजीबाई' म्हणतो. आता आजीबाई धावतात, पडतात, पोत्यातले बटाटे काढून अंगणभर पसरतात.

ही गोष्ट मी बाजारात सगळ्या ट्रकवाल्यांना सांगितलीय. दरवेळी सांगताना मी एका ठिकाणी थांबतो, छाती जरा फुगवतो आणि म्हणतो, "बघा, माझ्या एका शब्दावर त्या बाईने पोर माझ्या हाती दिलं!" परवा घरी पाहुण्यांना सांगतानाही तसंच केलं. पाहुणे गेल्यावर ओलिपा हसायला लागली.

"तुमच्या शब्दावर?"

"नाहीतर काय? तू नव्हतीस तिथे."

"नव्हते. पण मी आईला विचारलं होतं. म्हटलं, आई, तो 'गेलो होतो' म्हणाला असता, तर?"

"मग?"

"आई म्हणाली, तरी त्याच्याच छातीला बांधलं असतं. पोर गरम झाल्यावर मग त्याला खराट्याने झोडपलं असतं."

"मग विचारलं कशाला सगळ्यांसमोर?"

"मामांसाठी. मामांना काहीतरी ऐकायला हवं होतं ना."

मी चिडलो. सरळ चिडलो. इतके दिवस मिरवलेला माझा शब्द असा एका फटक्यात फुकट गेला. तडक बाहेर येऊन पायरीवर बसलो, आणि बसल्या बसल्या विचार करायला लागलो. पोरं अशी सुकून जातात, हे त्या बाईने जन्मभर मानलं होतं, मामांपेक्षाही जास्त मानलं होतं. मी खरा आहे की खोटा, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि माझ्या उत्तरावर त्यांना काही ठरवायचंही नव्हतं. म्हणजे ती गाठ त्यांनी भीती पोटात ठेवून मारली होती. म्हणून त्यांचे हात थरथरत होते. मी आजवर तो ताप समजत होतो. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडलो, आणि आमच्या आजीबाई येऊन माझ्या तोंडात एक कच्चा बटाटा कोंबायला लागल्या.